महसीरच्या नदीवर उमेदवारी करताना

महसीर या नदीतल्या माशाच्या गळाने होणाऱ्या मासेमारीसाठी गाईड व्हायचे असेल, तर उत्तराखंडात रामगंगेवरील किंवा पंचेश्वरच्या एखाद्या मासेमारी कॅम्पवर तुम्ही एक पूर्ण हंगाम उमेदवारी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सुरुवातीला हाती गळ येणार नाही, गुंतलेली दोरी आणि पाहुण्यांचे सामान येईल; पण ते काम मनापासून करावे, कारण नवख्याचा हात नेमका कुठे चुकतो हे तेव्हाच दिसते. सोनेरी महसीर संकटग्रस्त असल्याने उलटा दात नसलेला गळ वापरणे आणि पकडलेला मासा ओल्या हातांनी, पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे ठेवून, तो स्वतः शेपटी मारून निघून जाईपर्यंत सावरून धरणे, हे सर्वांत आधी शिकावे. परवान्याच्या अटी स्वतः वाचाव्यात आणि मानधनाचे आधीच ठरवून घ्यावे.