जुन्या होम कॉम्प्युटरवरचं कुठलं गेम म्युझिक ऐकून तुम्ही थक्क झालात?

माझं उत्तर 'क्रोनॉस' हा १९८७ चा गेम, संगीतकार टिम फॉलिन, आणि मशीन झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटिश होम कॉम्प्युटर, ते पण साधं ४८ के (४८ किलोबाइट मेमरी) वालं. बाकी बरेच जण कमोडोर ६४ या दुसऱ्या होम कॉम्प्युटरचं नाव घेतील, ते चूक नाहीये, त्याबद्दल पण खाली लिहितो, पण मला विचाराल तर स्पेक्ट्रमवर जे झालं ते जास्त अवघड होतं.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या दादाकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. स्पेक्ट्रम प्लसच, इथे भारतात लायसन्स घेऊन या नावाने विकायचे. गेम कॅसेटवर. टेपरेकॉर्डरची वायर लावायची, प्ले दाबायचं, मग चार-पाच मिनिटं ती किर्रर्र आणि टीव्हीच्या कडेला निळे-पिवळे पट्टे पळतायत, आणि टेपचा आवाज जरा कमी-जास्त असला की शेवटी एरर, परत पहिल्यापासून. त्या दिवशी कोणीतरी इंग्लंडहून आणलेल्या कॅसेटची कॉपी होती, लोड झाली आणि एकदम ड्रम, बेस, वर लीड, सगळं एकदम सुरू! मी टीव्हीचा आवाज वाढवायला गेलो तर दादा म्हणाला, अरे टीव्हीतून नाही येत, इथून येतंय, आणि कीबोर्डकडे बोट दाखवलं. मग आम्ही दोघं कीबोर्डला कान लावून बसलो.

आता यात एवढं काय, तर स्पेक्ट्रम ४८ के मध्ये साउंड चिपच नव्हती. आत एक छोटासा स्पीकर आणि प्रोसेसरला त्याच्यासाठी दिलेला एक बिट. एक टाकला की स्पीकरचा पडदा पुढे, शून्य टाकला की मागे, बास. दिव्याच्या बटणासारखं, चालू किंवा बंद. व्हॉल्यूम नाही, सूर नाही, काही नाही. म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर, आपल्या पेटीवरची पांढरी सहा म्हणा, हवा असेल तर ते बटण सेकंदाला ८८० वेळा फिरवायचं. झेड८० प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर चालतो, म्हणजे दर वेळी साधारण ४ हजार ठोके मोजायचे, बटण फिरवायचं, परत ४ हजार मोजायचे. मोजण्यात जरा चूक झाली की सूर गेलाच. आणि मोजत असताना प्रोसेसरला दुसरं काही करायला सवड नाही, म्हणून हे असलं संगीत टायटल स्क्रीनवरच वाजतं, गेम सुरू झाला की बंद. १९८३ च्या 'मॅनिक मायनर'मध्ये गेम चालू असताना पण धून वाजते, पण ती मध्ये मध्ये वेळ चोरून वाजवलेली आहे त्यामुळे तुटक तुटक येते, तरी त्या काळात ते पण मोठं कामच होतं.

मग एका बटणातून चार-पाच आवाज एकदम कसे काढायचे? इथे फॉलिनची कमाल आहे. प्रत्येक आवाजाचा वेगळा काउंटर ठेवायचा, तो शून्यावर आला की स्पीकरला अगदी बारीक धक्का द्यायचा आणि लगेच मागे घ्यायचा. धक्के इतके बारीक की वेगवेगळ्या आवाजांचे धक्के एकमेकांवर क्वचितच पडतात, आणि मग कान आपोआप ते वेगळे करून ऐकतो. अजून गंमत म्हणजे धक्का थोडा रुंद केला, म्हणजे जरा जास्त वेळ टिकवला, तर आवाज मोठा लागतो, अरुंद केला तर बारीक. म्हणजे सुरुवातीला रुंद धक्के देऊन हळूहळू अरुंद करत नेले की तार छेडल्यावर आवाज कसा विरत जातो तसं ऐकू येतं. ज्या मशीनला व्हॉल्यूमच नाही त्यात व्हॉल्यूम आणला या माणसाने! आवाज खरखरीत येतो, मान्य, पण ती खरखर त्याने गिटारच्या डिस्टॉर्शनसारखी वापरून घेतली आहे. फॉलिनचा जन्म १९७० चा, म्हणजे तेव्हा १६-१७ वर्षांचा पोरगा. मी सोळाव्या वर्षी दहावीचा अभ्यास करत होतो.

कमोडोर ६४ ची गोष्ट वेगळी. १९८२ च्या त्या मशीनमध्ये बॉब यानेसने डिझाइन केलेली सिड नावाची खरी साउंड चिप होती, तीन आवाज, प्रत्येकाचा वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरीचा आकार) निवडता येतो, आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर पण आहे. प्रोसेसरने फक्त सांगायचं काय वाजव, वाजवायचं काम चिपचं. पण तिथेही तीनच आवाज, म्हणून रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे ही संगीतकार मंडळी कॉर्डमधले (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधले) तीन सूर एकाच आवाजात भराभर फिरवायची, सेकंदाला ५० वेळा सूर बदलायचा, त्याने तो खास गुरगुरल्यासारखा आवाज येतो. हबर्डचं 'माँटी ऑन द रन' (१९८५) जवळपास सहा मिनिटांचं आहे आणि मी अजूनही गाडी चालवताना लावतो, गॉलवेचं 'विझबॉल' पण नक्की ऐका. फॉलिनने पुढे कमोडोरवर पण काम केलं, 'घूल्स अँड घोस्ट्स' त्याचंच. पण सिडवर वाद्य तयार मिळत होतं हो, स्पेक्ट्रमवर प्रोसेसरलाच वाद्य बनवावं लागलं, म्हणून माझं मत तिकडे जातं.

ऐकायचं असेल तर शोधताना 'स्पेक्ट्रम ४८ के' किंवा 'बीपर' (तो आतला छोटा स्पीकर) असं लिहा, नाहीतर दुसऱ्या मशीनचं व्हर्जन लागेल आणि तुम्ही म्हणाल यात काय विशेष. आणि आधी 'एजंट एक्स' (१९८६) ऐका, ते पण फॉलिनचंच, आणि त्यानंतर लगेच 'क्रोनॉस' लावा.