एकाच खोलीत किती खेळ?

प्रश्न : १० बाय १२ फुटांच्या खोलीत टेबल टेनिस, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचं उपकरण) आणि टीव्हीवरचे गेम, तिन्ही जमतील का?

उत्तर : दोघांचं टेबल टेनिस जमणार नाही. टेबलच ९ बाय ५ फूट. दोन्ही टोकांना मिळून ३ फूट उरतात, मागे सरकायला जागाच नाही. घडीचं टेबल घ्या. त्याचा अर्धा भाग उभा केला की एकट्याला सराव करता येतो आणि मागे ७ फुटांहून जास्त जागा मिळते.

खरी काळजी व्हीआरची. किमान साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जमीन हवी. हेडसेटमध्ये खेळाच्या जागेची सीमा आखताना हात पसरून गोल फिरा. कोपर कपाटाला लागलं तर सीमा आत घ्या. पंखा बंदच ठेवा, कारण उंच झेल घेताना हात वर जातोच. मोठा आरसा झाका, त्यातल्या प्रतिबिंबाने हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात. अंधारातही ते चुकतात, म्हणून दिवा लावा. मात्र हेडसेट उन्हात कधीही ठेवू नका : भिंगातून ऊन एकवटून आतला पडदा कायमचा जळतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये फक्त ‘गेम मोड’ लावा. नाहीतर चित्रावरच्या प्रक्रियेमुळे बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते.