ई-पोर्टफोलिओ फोल्डरपेक्षा वेगळा कशामुळे ठरतो?

प्रमाणपत्रे, प्रकल्प अहवाल आणि बायोडेटा एका ऑनलाइन फोल्डरमध्ये नीट लावलेले असताना वेगळा ई-पोर्टफोलिओ (म्हणजे आपल्या कामाचे निवडक नमुने आणि त्यांवरची टिपणे यांचा ऑनलाइन संग्रह) करून शिकण्यात किंवा नोकरीत अधिकचे काय मिळते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सगळा फरक कामाच्या प्रत्येक नमुन्यासोबत आपण जे टिपण लिहितो त्याने पडतो. ते टिपण नसेल, तर आपला फोल्डर पुरेसा आहे.

गणिताच्या एखाद्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाल्यावर काही मुलांनी १/२ + १/३ = २/५ असे लिहिले, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. फोल्डरमध्ये तिचे पाठ टाचण तेवढे राहील. ई-पोर्टफोलिओत मात्र मूळ टाचण, मुलाचे नाव झाकून घेतलेले त्या उत्तराचे छायाचित्र, बेरजेचे उत्तर १/२ पेक्षाही लहान कसे आले हे मुलांना स्वतःच दिसावे म्हणून कागदी पट्ट्या वापरून पुन्हा बांधलेला पाठ, आणि हा बदल का केला याच्या आठ-दहा ओळी, असे सारे एका पानावर येते. पुढच्या वर्षी तोच घटक शिकवताना तिला त्या आठ-दहा ओळींचाच सर्वाधिक उपयोग होतो, कारण कशामुळे काय बदलले हे आठवणीवर सोडले की काही महिन्यांत पुसट होते.

टिपण लिहायला सुचत नसेल, तर ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहॅम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले, अनुभवावर विचार करण्याचे सहा प्रश्नांचे चक्र हाताशी ठेवावे: काय घडले, तेव्हा काय वाटले, चांगले-वाईट काय होते, त्याचा अर्थ काय लागतो, वेगळे काय करता आले असते आणि पुढच्या वेळी काय करणार. दर वेळी सहाही प्रश्न सोडवण्याची सक्ती मात्र स्वतःवर करू नये. तशी टिपणे लवकरच साचेबद्ध होतात.

व्यवसायातही या लेखनाला वजन आहे. ब्रिटनमध्ये परिचारिकांना दर ३ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ३५ तासांच्या व्यावसायिक शिक्षणासोबत स्वतःच्या कामावरची ५ चिंतनपर टिपणे तयार ठेवावी लागतात, आणि २०१६ पासून ही पद्धत लागू आहे. नोकरीच्या मुलाखतीत मात्र समोरची व्यक्ती आपला पोर्टफोलिओ आधी उघडून वाचेलच असे धरून चालू नये. फायदा होतो तो असा की, ‘अडचण आली तेव्हा आपण काय केले?’ या प्रश्नाला आपल्याकडे तपशिलासह खरे उत्तर तयार असते.

म्हणून टिपणे लिहिण्याची जागा आणि इतरांना दाखवण्याची जागा वेगळ्या ठेवाव्यात. कच्ची टिपणे खासगी राहू द्यावीत आणि त्यांतून निवडलेली चार-पाच पाने त्या-त्या वाचकासाठी खुली करावीत. न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या ‘महारा’ या मुक्त-स्रोत (ओपन सोर्स) ई-पोर्टफोलिओ प्रणालीत कोणते पान कोणाला दिसावे हे ठरवता येते. विद्यार्थी, रुग्ण किंवा ग्राहक यांची ओळख पटेल असे काहीही खासगी टिपणातसुद्धा ठेवू नये, याबाबत मी अत्यंत आग्रही आहे.

खाते संस्थेचे असेल, तर संस्था सोडल्यावर ते बंद होऊ शकते. त्यामुळे प्रणाली निवडतानाच सगळा मजकूर एकत्र उतरवून घेण्याची सोय आहे का हे पाहावे, आणि दर सत्राच्या शेवटी त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी.