फॉर्मवरचा तो रकाना

मित्रा, नोकरीच्या फॉर्मवर जुन्या शिक्षेबद्दल विचारणारा रकाना असतो ना, तिथे आधी प्रश्न शब्द न् शब्द वाच. ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘गुन्हा दाखल आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न. विचारलंय तेवढंच, पण खरं लिही. निकालाची प्रत समोर ठेव, म्हणजे तारीख, कलम चुकणार नाही.

मी पहिल्यांदा तो रकाना कोरा सोडला होता. पडताळणीत निघालंच. नोकरी गेली ती शिक्षेमुळे नाही, लपवल्यामुळे. पुढच्या मुलाखतीत मीच विषय काढला: काय घडलं, शिक्षा कधी संपली, तेव्हापासून काय करतोय. चार वाक्यं, बस. हात थरथरत होते, पण समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवून ऐकून घेतलं.

काही देशांत ठरावीक काळानंतर जुनी शिक्षा सांगणं बंधनकारक नसतं. तुझ्या बाबतीत काय, ते फॉर्म भरण्याआधी वकिलाला विचार.