डायलिसिस चालू असताना संबंधांत अडचण

प्रश्न : वय ४६, देवगड तालुक्यात आंब्याची बाग आहे. दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. बीपी आहे, साखर नाही. गेले आठ-नऊ महिने ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही. सेंटरवर सगळे गावचेच, विचारायची लाज वाटते. मित्राने एक गोळी आणि शक्तीची पुडी दिली आहे. घेऊ का?

उत्तर : दोन्ही घेऊ नका. डायलिसिसवरच्या निम्म्याहून जास्त पुरुषांना हा त्रास होतो. यात तुमचा काहीही दोष नाही, हा किडनीच्या आजाराचाच भाग आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरतं. प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं हार्मोन शरीराबाहेर नीट जात नाही, म्हणून ते साठतं. रक्तवाहिन्या कडक होतात, आणि हिमोग्लोबिन आठ-साडेआठवर असेल तर अंगात त्राणच राहत नाही. ते १० ते ११.५ च्या दरम्यान आलं की पुष्कळांना फरक जाणवतो. त्यासाठीची इंजेक्शनं आणि लोह वेळेवर घ्या.

बीपीच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. ॲटेनोलॉलसारख्या काही गोळ्यांनीही हे होतं, आणि बऱ्याचदा दुसरी गोळी देता येते. मात्र मनाने एकही बंद करू नका.

आता खाण्याचं, विशेषतः सुक्या मासळीचं. सुकट, खारा बांगडा खाल्ला की तहान लागते, पाणी जास्त प्यायलं जातं आणि दोन डायलिसिसमध्ये वजन तीन-चार किलोंनी वाढतं. मग मशीनवर तेवढं पाणी एकदम काढताना बीपी पडतं, पायांत गोळे येतात, आणि ती रात्र झोपण्यातच जाते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस शक्य आहे का, हेही विचारा.

मित्राची गोळी बहुधा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) असेल. औषध चांगलं आहे, पण तुमच्यासाठी सुरुवात २५ मिलिग्रॅमनेच होते, तीही डॉक्टरांनी हृदय तपासल्यावर. संबंधाच्या तासभर आधी घ्यायची, तेलकट जेवणावर नाही, डायलिसिसच्या दिवशी तर नाहीच. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, तर ही गोळी अजिबात चालत नाही. दोन्ही मिळून बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो. प्राझोसिन ही बीपीची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पुडीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा पुड्यांत शिसं, पारा सापडलेला आहे, कधी हीच गोळी कुटून घातलेली असते.

लाजेवर सोपा उपाय आहे. चिठ्ठीवर ‘लैंगिक त्रास आहे, एकट्याने बोलायचं आहे’ एवढं लिहा आणि डायलिसिस नसेल त्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांच्या हातात द्या. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी ८ ते १० मध्ये, उपाशीपोटी द्यायचं. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा. सोबत प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडही तपासून घ्या.

पत्नीला एकदा बरोबर न्या. तुम्ही दूर राहता ते आजारामुळे, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून कळू दे. संबंधासाठी डायलिसिसनंतरच्या दिवशीची सकाळ बरी, आणि फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातावर भार देऊ नका.