वाचकांचे प्रश्न : कैलास लेण्याचा होलोग्राम फिका का पडतो?

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी वेरूळच्या कैलास लेण्याचा होलोग्राम करतोय. 43 इंची एलईडी टीव्ही पालथा टांगून त्याखाली 5 मिमी अ‍ॅक्रिलिकचा पिरॅमिड ठेवलाय. चारही त्रिकोण 50 सेमी बाजूचे, समभुज. चित्र तिरपं आणि दुहेरी दिसतं, दोन बाजूंना तर फारच फिकं. शिवाय, मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचे (समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र दाखवणारे) चष्मे घ्यावेत का?
– एक शिक्षक, पैठण

उत्तर : ही 1862 साली लंडनमध्ये दाखवलेली 'पेपर्स घोस्ट' युक्ती आहे, म्हणजे काचेतलं प्रतिबिंब. त्यामुळे सगळा खेळ कोनाचा. समभुज त्रिकोण जोडले की बाजू सुमारे 55 अंशांत उभी राहते. हवी 45 अंशांत. शीट 10 अंश चुकली की प्रतिबिंब 20 अंश झुकतं. पाया 50 सेमीच ठेवा, त्रिकोणाची उंची मात्र 35.4 सेमी घ्या.

अ‍ॅक्रिलिकच्या दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब पडतं म्हणून चित्र दुहेरी. 5 मिमी शीटमध्ये ही दोन चित्रं जवळपास पावणेचार मिमी सरकतात, 2 मिमीमध्ये दीडच. पातळ शीट वाकते, तेव्हा कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा.

दोन बाजू फिक्या पडतात यात तुमची चूक नाही. एलसीडी पडद्याचा (एलईडी टीव्हीचाही तोच) प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि तिरपी शीट एका दिशेचा प्रकाश दुसरीपेक्षा कितीतरी जास्त परावर्तित करते. पोलराइज्ड गॉगल पडद्यासमोर फिरवून पाहा, एका कोनात पडदा काळा होईल. साधा पारदर्शक सेलोफेन कागद पडद्यावर हळूहळू फिरवून बघा आणि बाजूंमधला फरक सगळ्यात कमी दिसेल त्या कोनात लावा. रंग किंचित बदलतात. एवढं करूनही शीट सरासरी दहा टक्केच प्रकाश परत पाठवते. म्हणून खिडक्यांना काळं कापड, व्हिडिओची पार्श्वभूमी निव्वळ काळी. अक्षरं असतील तर आधीच उलटी करून ठेवा. शीट स्पिरिटने पुसू नका, तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

कैलास वरून खाली कोरत आणलं, हे कळण्यासाठी तर हे माध्यम फार उत्तम! यूएसबी कीबोर्डच्या सर्किटला चार मोठी बटणं जोडा, प्रत्येकावर एक टप्पा: अखंड कडा, खणलेले चर, शिखर, शेवटी हत्तींचा थर. उन्हाळ्यात टीव्हीभोवतीची पेटी बंद ठेवू नका, वर एक्झॉस्ट पंखा हवाच. वीज जाते, तर यूपीएसही.

चष्मे नकोत. एका वेळी एकच मूल पाहणार, प्रत्येकाला बसवायला, शिकवायला आणि पुसायला पाच मिनिटं धरली तर तासाला बाराच मुलं होतात.