वाचकांचे प्रश्न : वडिलांचा तराजू आणि तेलाची बुधली

प्रश्न : वडिलांच्या दुकानातला तराजू माळ्यावरून खाली काढला. बिडाचा पाया, वर दोन पितळी पारडी, मध्ये समोरासमोर दोन चोची. पारडी रिकामी असली की चोची नीट जुळतात. पण तेच वजन पारड्याच्या मध्यावर ठेवलं तर एक भरतं, कडेला ठेवलं तर दुसरंच. शिवाय तराजू जड हलतो. घरचे म्हणतात, तेल घाला, घासूनपुसून चकचकीत करा आणि बाहेरच्या खोलीत मांडा. काय करू?

उत्तर : तेल घालू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

तराजूची दांडी पोलादी सुऱ्यांवर तोललेली असते. सुरी म्हणजे तिकोनी पट्टी, धार बैठकीवर टेकलेली. धार आणि बैठक जितकी कोरडी, तितका तराजू हलका. तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि दांडी जागच्या जागी अडते. तुमचा तराजू जड हलतो तो बहुधा कधीकाळी कुणीतरी मायेने घातलेल्या तेलानेच. मऊ कोरड्या फडक्याने आणि लाकडी काडीने चिकटा काढा. धारेला कानस लावू नका. एकदा बोथट झालेली सुरी घरी सरळ होत नाही.

आता कडेच्या वजनाचं. टांगत्या तागडीचं पारडं साखळ्यांना लोंबतं, माल कुठेही टाका, ते आपलं आपण सावरतं. वर बसवलेल्या पारड्याला ती सोय नाही. त्यावरचा उपाय रोबेर्वाल या फ्रेंच गणितज्ञाने १६६९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. वरच्या दांडीखाली, पायाच्या पोटात, तिच्याच मापाची दुसरी दांडी घालायची आणि दोन्हींची टोकं उभ्या कांबींनी जोडायची. मग पारडं वरखाली होताना कलत नाही, आणि कडेच्या मालाचा कल खालची दांडी आडव्या ओढीत जिरवते. ही खालची दांडी वाकली, तिची खीळ झिजली किंवा कुणी जोडताना उलटसुलट बसवली, की तुमच्यासारखी तक्रार येते. एका बाजूला वजन मध्यावर ठेवून दुसरीकडे बरोबर तोलून घ्या, मग तेच वजन पुढे, मागे, आत, बाहेर सरकवा. कुठे सरकवल्यावर चोच ढळते ते लिहून ठेवा आणि तो कागद दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात द्या. त्याचं अर्धं काम होईल.

पारड्याच्या पोटाशी शिशाचा तुकडा किंवा तारेचं वेटोळं दिसलं तर कचरा समजून काढू नका. तो पासंग. दोन पारड्यांतला फरक भरून काढायला बांधलेला. ‘पासंगालाही पुरत नाही’ म्हणतो, तो हाच.

चकचकीत करण्याबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचं आहे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. वडील खिळे-मोळे विकत, आणि दुपारी दुकान शांत असलं की गल्ल्याशेजारी मला बसू देत. एकदा त्यांना खूश करायचं म्हणून मी पितळी वजनांचा सबंध संच पॉलिश कागदाने घासला. आरशासारखी झाली वजनं. वडिलांनी काही न बोलता त्यातलं सगळ्यांत लहान वजन उचललं, कपाटातल्या पेटीतलं जपून ठेवलेलं जोडीचं वजन काढलं, आणि दोन्ही समोरासमोर ठेवली. माझं वजन हळूच वर गेलं. मग त्यांनी बोटाने फळीवर टकटक केलं. तराजू कुठे अडून तर बसला नाही ना हे बघायची त्यांची ती सवय. चोच थरथरली आणि पुन्हा तिथेच, वरच थांबली. “आता या वजनाने तोललं की आपण रोज थोडं थोडं चोरणार,” एवढंच म्हणाले. संच दुरुस्तीला गेला. तो परत येईस्तोवर ते दुकानात त्या पेटीतल्या वजनांनीच तोलत राहिले.

त्या टकटकीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे मी हेच काम धरलं, आणि आजही तराजू तपासताना बोट आपोआप फळीवर जातं.

म्हणून पारड्यांवरचा काळपटपणा ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, आणि तेवढ्यावर थांबा. वजनांना तर हातच लावू नका. लोखंडी वजनांच्या बुडाशी खळगा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन बरोबर करण्यासाठी ते शिसं, आणि तपासणीचा ठसा पुष्कळदा त्याच्यावरच. वजनाला रंग दिला तर ते भारी होतं, घासलं तर हलकं.

आणि तराजू शोभेला मांडू नका. सुऱ्या ठीक असतील तर त्यावर काहीतरी तोला. दांडीच्या दोन बाजूंत फरक असल्याची शंका आली, तर माल आणि वजनं यांची पारडी अदलाबदल करून पाहा. काटा ढळला तर फरक आहे. तरीही खरं वजन मिळतं : माल एका पारड्यात ठेवा, दुसऱ्यात वाळू घालून चोची जुळवा, मग माल काढून त्याच जागी वजनं ठेवत जा. पुन्हा जुळलं की तेवढंच मालाचं वजन, दांडी कशीही असो.

प्रश्न : आजोबांचा स्प्रिंगचा टांगता काटा आहे. पारड्यांच्या तराजूपेक्षा तो कमी भरवशाचा का मानतात?

उत्तर : तराजू दोन वस्तूंची तुलना करतो, पृथ्वीची ओढ दोन्ही बाजूंना सारखीच. स्प्रिंग ती ओढच मोजते. ओढीच्या प्रमाणात स्प्रिंग ताणते हा हूकचा नियम १६७८ सालचा. ओढ मात्र सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर १ किलो दाखवणारा काटा ध्रुवावर सुमारे ५ ग्रॅम जास्त दाखवील. त्यातून स्प्रिंग उन्हाने आणि वयाने सैलावते. अमेरिकेतल्या टोलेडो कंपनीने लंबकाचे काटे विकताना ‘स्प्रिंग नाही, वजन प्रामाणिक’ अशा अर्थाची जाहिरात केली, ती याच शंकेवर बोट ठेवून. तुमचा काटा रिकामा असताना शून्यावर येतो का ते पाहा, आणि घरात टांगलात तर त्याला काही अडकवून ठेवू नका.